भारतीय परवाना, परदेशी विमान: वैमानिकाने बाहेरची नोकरी शोधायची कशी

बारामती, गोंदिया, धुळे, नाहीतर थेट अमेरिकेतल्या एखाद्या फ्लाइंग स्कूलमधून परवाना घेऊन आलेल्या मुलामुलींचा एक ठरलेला प्रश्न असतो: "युरोपच्या परीक्षा देऊन ठेवू का? म्हणजे पुढेमागे बाहेर जाता येईल." प्रश्न बरोबर आहे, पण त्याचा नंबर तिसरा किंवा चौथा. आधीचे प्रश्न न विचारता परीक्षांवर काही लाख रुपये आणि दीड वर्ष घालवलेले लोक मला दरवर्षी भेटतात. परीक्षा उत्तम मार्कांनी पास, आणि तो परवाना वापरता येईल अशी एकही नोकरी नाही.

म्हणून हा लेख क्रमाने वाचा. तो डीजीसीएचा, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना असलेल्या, विमान उडवणाऱ्या भारतीय वैमानिकांसाठी आहे. हेलिकॉप्टरवाल्यांचं गणित वेगळं आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

पायरी १: विमानाच्या शेपटीवरची अक्षरं वाचा

१९४४ च्या शिकागो कराराच्या कलम ३२ मध्ये सगळ्याचं मूळ आहे. विमान ज्या देशात नोंदलेलं आहे, त्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य धरलेला परवाना वैमानिकाकडे हवा. भारतात नोंदलेल्या विमानावर व्हीटी असतं. संयुक्त अरब अमिरातीचं ए६, कतारचं ए७, व्हिएतनामचं व्हीएन, सिंगापूरचं ९व्ही, अमेरिकेचं नुसतं एन. तुमचा डीजीसीएचा परवाना व्हीटीवाल्या विमानासाठी पूर्ण आहे. ए६वाल्यासाठी तो फक्त पुरावा आहे, की तुम्ही आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे शिकलेले वैमानिक आहात. तो पुरावा किती मानायचा हे त्या देशाचं विमान वाहतूक खातं ठरवतं.

हे ठरवण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली व्हॅलिडेशन: तुमचा भारतीय परवाना कायम ठेवून त्यावर ठरावीक मुदतीची परवानगी मिळते. कंपनी अर्ज करते, बहुधा हवाई कायद्याची छोटी परीक्षा आणि सिम्युलेटरवर चेक होतो, आणि तुम्ही उडायला लागता. नोकरी सुटली की ती परवानगीही जवळपास निकामी. दुसरी तऱ्हा कन्व्हर्जन: त्या देशाचा स्वतःचा परवाना तुमच्या नावावर निघतो. त्यासाठी कुठे दोन परीक्षा पुरतात, कुठे सगळ्याच द्याव्या लागतात. तिसऱ्या तऱ्हेत तुमचे तास मोजले जातात, पण परीक्षा आणि स्किल टेस्ट पहिल्यापासून.

आपल्याकडेही हेच चालतं. परदेशी कॅप्टन भारतीय कंपनीत येतो तेव्हा डीजीसीए त्याला फाटा नावाची तात्पुरती परवानगी देतं. तो इथला परवाना काढायला बसत नाही. तुम्ही जिकडे जाणार तिकडे तुम्ही तो परदेशी कॅप्टन असाल.

पायरी २: तिथे काम करायचा हक्क कोण देणार?

हा खरा पहिला प्रश्न. परवाना आणि व्हिसा ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकाला दुसऱ्याशी देणंघेणं नसतं.

युरोपीय महासंघातल्या बहुतेक कंपन्यांच्या जाहिरातीत एक ओळ असते: युरोपात राहण्याचा आणि काम करण्याचा विनाअट हक्क हवा. म्हणजे तिथलं नागरिकत्व, कायम निवास, किंवा जोडीदारामुळे मिळालेला हक्क. तो नसेल तर इयासाचा, म्हणजे युरोपचा, परवाना घरच्या भिंतीवर लावायला छान दिसतो. गोव्यातल्या काही जणांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. त्यांच्यासाठी मात्र हा रस्ता खरोखर उघडा आहे आणि त्यांनी इयासाचा विचार पहिल्या दिवसापासून करावा. एवढंच लक्षात ठेवा, की पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, आणि मग इकडे परतून उडायचं तर तेही गणित बदलतं.

अमेरिकेचंही तसंच. तिथल्या विमान कंपन्यांना ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व लागतं. संगणकवाल्यांना मिळतो तो एच-वन-बी व्हिसा वैमानिकाच्या कामाला सहसा लागू पडत नाही. न्यू जर्सीत मामा आहे एवढ्याने ग्रीन कार्ड मिळत नाही, हे लग्नाकार्यात ऐकलेल्या सल्ल्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो. पण आईवडील तिकडे स्थायिक आहेत किंवा जोडीदार तिथला नागरिक आहे, तर चित्र वेगळं.

आखाती देश, व्हिएतनाम आणि आग्नेय आशियातल्या काही कंपन्या यांची पद्धत उलटी आहे. कंपनी तुम्हाला निवडते, आणि मग तीच निवासी व्हिसा काढते. तुमच्याकडे आधीपासून कुठलाही हक्क असावा लागत नाही. भारतीय वैमानिक परदेशात प्रामुख्याने तिथेच का दिसतात, त्याचं निम्मं उत्तर हे आहे. उरलेलं निम्मं पगार आणि घरापासूनचं अंतर. मुंबई-दुबई विमानप्रवास तीन तासांचा. पुण्याहून नागपूरला रस्त्याने जायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

तेव्हा कागदावर दोन रकाने आखा. एकात असे देश, जिथे तुमच्याकडे आज हक्क आहे. दुसऱ्यात असे, जिथे कंपनी तो देते. या दोन्हींत नसलेल्या देशाच्या परीक्षांवर पैसे घालू नका.

पायरी ३: तास मोजा, पण त्यांच्या फूटपट्टीने

भारतात सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, २०० तासांवर मिळतं. २०० तासांच्या वैमानिकाला परदेशी विमान कंपनी कामावर घेईल का? जवळपास नाहीच. प्रत्येक देशात २०० तासांची स्वतःची मुलं रांगेत उभी असतात, आणि नव्या मुलांना घडवणाऱ्या कॅडेट योजना बहुधा त्यांच्यासाठीच राखीव असतात. बाहेरून माणूस आणायचा खटाटोप कंपनी करते ती अनुभवासाठी.

म्हणून नुकतंच सीपीएल झालेल्यांना माझा सल्ला सरळ आहे: आधी भारतात उडा. इंडिगो, एअर इंडिया, एअर इंडिया एक्सप्रेस, अकासा, जिथे जागा मिळेल तिथे. विमान कंपनीत दार उघडत नसेल तर फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर व्हा, किंवा चार्टर कंपनीत शिरा. एक अपवाद सांगतो. बोत्स्वानातलं माउन हे ओकावांगो खोऱ्याच्या तोंडावरचं गाव. तिथे सफारी कंपन्या सेसना २०६ आणि २१० वर पर्यटकांना जंगलातल्या धावपट्ट्यांवर सोडतात, आणि जगभरचे कमी तासांचे वैमानिक तिथे स्वखर्चाने जाऊन दारोदार बायोडेटा देत फिरतात. काम मिळालं तर उड्डाणाचं शिक्षण अप्रतिम. पण तिथला परवाना, वर्क परमिट आणि तोवरचा मुक्काम हा सगळा खर्च तुमचा, आणि काम मिळेलच असं नाही. घरच्यांनी आधीच कर्ज काढून शिकवलेलं असेल तर मी हा जुगार खेळा म्हणणार नाही.

दुसरा मोठा टप्पा १,५०० तासांचा. त्यावर एटीपीएल, म्हणजे विमान कंपनीत कॅप्टन होण्यासाठी लागणारा वरचा परवाना, मिळतं, आणि त्यात रात्रीच्या १०० तासांसारख्या पोटअटी असतात. एटीपीएल हातात येण्याआधी अर्ज करू नका असं मी म्हणत नाही, कारण काही कंपन्या सीपीएल आणि एटीपीएलच्या उत्तीर्ण परीक्षा एवढ्यावर कोपायलट घेतात. पण परदेशी खात्यापुढे एटीपीएलचं वजन वेगळंच असतं. तास भरले की भारतातच परीक्षा देऊन ते काढून टाका. "कॅप्टन व्हायच्या वेळी बघू" म्हणून ते रखडवणारे फार आहेत.

आता फूटपट्टीचा भाग, कारण सगळ्यात जास्त अर्ज इथेच पडतात. जाहिरातीत नुसते एकूण तास नसतात. मल्टी-क्रू (दोन वैमानिकांच्या विमानावर) किती, जेटवर किती, अमुक टनांहून जड विमानावर किती, त्याच प्रकारच्या विमानावर किती, आणि शेवटचं उड्डाण कधी, हे सगळं असतं. एटीआर ७२ या पंख्यांच्या, जेट नसलेल्या प्रवासी विमानाचं उदाहरण घ्या. त्याचं कमाल वजन साधारण २३ टन. अट "२० टनांहून जड, मल्टी-क्रू" अशी असेल तर तुमचे एटीआरचे तास त्यात बसतात. अट "जेट" अशी असेल तर एकही तास बसत नाही, मग ते ३,००० असोत. जाहिरात दोनदा वाचा, आणि तुमचे तास त्यांच्या रकान्यांप्रमाणे वेगळे मांडून पाठवा. देखरेखीखाली कमांडरच्या जागेवर उडवलेले तास पीआयसीच्या (स्वतः कमांडर असतानाच्या तासांच्या) रकान्यात मिसळू नका. दुसरं खातं ते कसं मोजेल सांगता येत नाही, आणि मुलाखतीत हा फरक पकडला गेला की बाकी सगळ्या आकड्यांवरचा विश्वासही उडतो.

विमानाचा प्रकारही आत्ताच बघून ठेवा. एअरबस ए३२० वर असाल तर एअर अरेबिया, कुवेतची जझीरा, व्हिएतजेट अशी यादी समोर येते. बोइंग ७३७ वर असाल तर फ्लायदुबई. एमिरेट्ससारखी मोठ्या विमानांची कंपनी ए३२० किंवा ७३७ वरून आलेल्या कोपायलटला स्वतः ७७७ किंवा ए३८० चं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) देते, पण त्याबदल्यात बाँड असतो, म्हणजे ठरावीक काळ नोकरी करा, नाहीतर खर्च भरा. खिशातले पैसे घालून नवं टाइप रेटिंग करणं, आणि त्यावर शून्य तास असताना परदेशात अर्ज करणं, यातून काही निघत नाही.

पायरी ४: देशोदेशीचे दरवाजे

युरोप. हक्क असेल तर पुढचं ऐका. इयासाच्या एटीपीएलचे १३ विषय, प्रत्येकात ७५ टक्के लागतात. पहिल्या परीक्षेच्या महिन्याअखेरीपासून १८ महिन्यांत सगळे सुटायला हवेत, आणि एका विषयाला जास्तीत जास्त चार संधी. भारतीय एटीपीएलमुळे विषयांत सूट मिळत नाही. अनुभवामुळे वर्गाचे सक्तीचे तास कमी होऊ शकतात, एवढंच. ब्रिटन २०२१ च्या सुरुवातीपासून इयासाच्या बाहेर आहे, त्यामुळे ब्रिटिश परवाना वेगळा आणि युरोपीय वेगळा. "दोन्ही एकाच परीक्षेत होतात" असं सांगणारा क्लास जुनी माहिती विकतोय.

अमेरिका. तिथे शिकून आलेल्या मुलांकडे एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं, सीपीएल असतंच. ते प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही, पण अमेरिकेत पत्ता नसलेल्यांना जुलै २०२५ पासून तिथला एक अधिकृत प्रतिनिधी नेमून एफएएला कळवावं लागतं, नाहीतर परवाना असूनही वापरता येत नाही. जळगाव किंवा सांगलीचा पत्ता नोंदवलेला असेल आणि हे केलं नसेल तर आजच करा. विमान कंपनीत बसायला एटीपी, म्हणजे तिथलं एटीपीएल, लागतं: वय २३, तास १,५००, आणि लेखी परीक्षेआधी एटीपी-सीटीपी नावाचा कोर्स. अमेरिकेत कोपायलटलाही १,५०० तास का, असं विचाराल तर २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन कंपनीचं विमान पडलं, त्यानंतर तिथल्या संसदेने कायदा केला आणि २०१३ पासून तो नियम लागू झाला. भारतीय परवान्यावर अमेरिकेत सरळ मिळतं ते फक्त खासगी वैमानिकाचं प्रमाणपत्र. त्याने हौस भागते, पोट नाही.

आखात. कंपनी निवडते, टाइप रेटिंग किंवा कन्व्हर्जन कोर्स करवते, आणि त्यातूनच तिथला परवाना निघतो. सगळ्यात कमी कागदी डोकेदुखीचा रस्ता. त्यामुळे स्पर्धाही सगळ्यात जास्त: तुमच्यासमोर पाकिस्तान, इजिप्त, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि निम्म्या युरोपातले लोक असतात.

कंत्राटी नोकऱ्या. व्हिएतनामसारख्या ठिकाणी वैमानिक कंपनीचे नोकर नसून मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेचे असतात. न्यूझीलंडची रिशवर्थ, ब्रिटनची ब्रुकफील्ड ही त्या धंद्यातली जुनी नावं. पगार डॉलरमध्ये, सुट्टी सलग, मुदत ठरलेली. चीनने गेल्या दशकात परदेशी कॅप्टनना असे काही पगार दिले, की लोक घरदार सोडून गेले. २०२० मध्ये कोविड आला आणि विमानं उभी राहिली, तेव्हा पहिल्यांदा घरी गेले ते हेच कंत्राटी लोक. कंत्राट वाईट नसतं. पण त्याच्या भरवशावर पुण्यात वीस वर्षांचं गृहकर्ज काढू नये.

मालदीवमध्ये ट्विन ऑटर सी-प्लेनवर परदेशी वैमानिक असतात, पण पाण्यावर उतरण्याचे तास आधी हवेत. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात विमान कंपनीची नोकरी कायम निवासानंतरच धरून चाला.

पायरी ५: मेडिकल आधी, परीक्षा नंतर

भारतात क्लास वन मेडिकल (व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी) आहे म्हणजे सगळीकडे आहे, असं नसतं. प्रत्येक खातं स्वतःचं मेडिकल करतं. युरोपचं पहिलं क्लास वन मेडिकल तिथल्या मान्यताप्राप्त एरोमेडिकल केंद्रातच करावं लागतं. रंगदृष्टी, जुनी शस्त्रक्रिया, साखर, रक्तदाब यांपैकी कशावरही डीजीसीएने कधी "टेम्पररी अनफिट" लिहिलं असेल, तर त्याचे सगळे कागद जपून ठेवा आणि विचारल्यावर लपवू नका. युरोपच्या १३ विषयांची फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या. हा क्रम उलटा करणं म्हणजे जागेचा सातबारा न बघता घराचा पाया खणणं. आखातात निवासी व्हिसासाठी छातीचा एक्स-रे आणि एचआयव्हीची रक्ततपासणी वेगळी होते, तिचा वैमानिकी मेडिकलशी संबंध नाही.

पायरी ६: कागद, आणि आपल्या नावांचा घोळ

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण मराठी माणसांचे अर्ज इथे हमखास अडतात. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि स्वतःच्या नावाच्या रकान्यात कुणी वडिलांचं नाव घातलेलं, कुणी नाही. परवान्यावर तिसरा क्रम. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीच्या लॉगबुकची पहिली चारशे पानं माहेरच्या नावाने. आपल्याला यात काही विचित्र वाटत नाही. दोह्यातल्या कारकुनाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. पासपोर्ट हा पाया धरा आणि परवाना, मेडिकल, रेडिओचा परवाना, इंग्रजीचं प्रमाणपत्र हे सगळं त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. जुळत नसेल तर राजपत्रात नोंद करून घ्या. नोकरी समोर असताना हे करायला वेळ पुरत नाही.

बाकीची यादी: सर्व पानांवर सही-शिक्का असलेलं लॉगबुक आणि डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरची नोंद, दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळणारे. शेवटच्या सिम (सिम्युलेटर) चेकचा अहवाल. इंग्रजी प्रावीण्याची पातळी किमान ४. पातळी ६ असेल तर पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही, तेव्हा त्यासाठी मेहनत घ्या. अपघात वा चौकशी नसल्याचं पत्र. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र. शैक्षणिक कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि देशानुसार वर दूतावासाचं साक्षांकन किंवा नुसतं अपोस्टिल. कुठलं ते नियुक्तीपत्रासोबत कळतं.

परदेशी खातं तुमचा परवाना खरा आहे का, हे डीजीसीएकडून स्वतंत्रपणे पडताळून घेतं. फेब्रुवारी २०२५ पासून डीजीसीए इलेक्ट्रॉनिक परवानाही देतं, त्यामुळे दाखवायची सोय झाली, पण पडताळणी टळत नाही. तिला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो. दुसऱ्या देशात शिकला असाल तर तिथली पडताळणी वेगळी, आणि तुमची जुनी फ्लाइंग स्कूल बंद पडलेली असण्याची शक्यता धरून तिथल्या नोंदींच्या सही-शिक्क्याच्या प्रती आत्ताच मागवून ठेवा.

पायरी ७: अर्ज आणि सिम

अर्ज कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून करा. बायोडेटा एक, फार तर दोन पानांचा. वरच्या अर्ध्या पानात परवाना, टाइप रेटिंग, तासांचा तक्ता, शेवटचं उड्डाण, नोटीस पिरियड. छंद आणि वडिलांचा व्यवसाय नको.

आपली मुलं तांत्रिक प्रश्नांत पडत नाहीत. पाठांतराची सवय आपल्याला बालवाडीपासून असते. पडतात ती दोन ठिकाणी. एक म्हणजे गटचर्चा आणि "कॅप्टनशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत" या जातीचे प्रश्न. "माझा कधीच कुणाशी मतभेद झाला नाही" हे उत्तर आपल्याकडे नम्रपणाचं वाटतं. तिथे ते ऐकून पेन खाली ठेवतात, कारण कोपायलटने बोललंच पाहिजे अशी त्यांची अपेक्षा असते. खरा प्रसंग सांगा: काय दिसलं, काय बोललात, पुढे काय झालं.

दुसरं म्हणजे सिममध्ये हाताने उडवणं. ऑटोपायलट, फ्लाइट डायरेक्टर, ऑटोथ्रस्ट बंद करून नुसत्या आकड्यांवर विमान धरायला सांगतात. व्ही-वनला (ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवता येत नाही) इंजिन बंद पडणं, नॉन-प्रिसिजन अप्रोच (उंचीचं मार्गदर्शन नसताना उतरणं), गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) हे नेहमीचे. रोजच्या उड्डाणात ऑटोमेशनवर विसंबलेल्या माणसाचा इथे घाम निघतो. बोलावणं आलं की स्वखर्चाने दोनेक तास सिम भाड्याने घ्या. या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत वसूल होणारा खर्च. एखादी चूक झाली तर ती बोलून दाखवा आणि सुधारा. परीक्षक निर्दोष उड्डाण शोधत नसतो, शेजारी बसवण्यासारखा माणूस शोधत असतो.

नोकरीसाठी पैसे मागणारा दलाल दिसला की तिथेच थांबा. "लाइन ट्रेनिंगसह ५०० तास, एवढे लाख भरा" अशा योजना जगात आहेत (लाइन ट्रेनिंग म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवर शिकणं), आणि त्यातून बाहेर पडलेल्यांपैकी बरेच जण ५०० तास संपल्यावर पुन्हा घरीच बसतात. एजंट भारतातला असेल तर तो नोंदणीकृत आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं.

पायरी ८: इथून सुटायचं कसं

निवड झाली, अभिनंदन. आता नोटीस पिरियड. २०१७ पासून डीजीसीएच्या नियमाप्रमाणे कमांडरला एक वर्ष आणि कोपायलटला सहा महिने. परदेशी कंपनीला माणूस दोन-तीन महिन्यांत हवा असतो. हा तिढा मुलाखतीतच उघड सांगा. भारतीय वैमानिक घेण्याची सवय असलेल्या कंपन्या थांबतात.

एका रात्रीत राजीनामा पाठवून विमान पकडायचं, असा सल्ला देणारे सहकारी भेटतील. २०२३ मध्ये अकासातून बरेच वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले, कंपनीला उड्डाणं रद्द करावी लागली आणि ती त्यांच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. नियम योग्य की अयोग्य यावर वाद आहे, आणि वैमानिकांच्या संघटनांची बाजूही समजण्यासारखी आहे. वर्षभराची नोटीस दुसऱ्या कुठल्या नोकरीत असते? पण तुमचा प्रश्न तत्त्वाचा नाही. तुमच्या परवान्याची पडताळणी, अनुभवाचं पत्र आणि ना हरकत प्रमाणपत्र इथूनच येणार आहे. बाँडची उरलेली रक्कम किती, ती लेखी मागा, भरा, पावती घ्या.

पायरी ९: करार वाचताना

पगाराचा मोठा आकडा शेवटी बघा. आधी मूळ पगार बघा, कारण अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी त्यावरच ठरते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. मग घरभत्ता, मुलांची शाळा, कुटुंबाचा विमा, वर्षाकाठी मायदेशी तिकिटं. दुबईत दोन मुलांची शाळेची फी भत्त्याबाहेर गेली तर करमुक्त पगाराचा आनंद बराच ओसरतो. प्रोबेशनमध्ये चेक नापास झाला तर प्रशिक्षणाचा खर्च कोणाच्या अंगावर, हे वाक्य शोधा. ते सहसा शेवटच्या पानांत असतं. मेडिकल गेल्यास परवाना-हानीचा विमा आहे का, तेही.

निघण्याची तारीख कराच्या दृष्टीनेही पाहा. एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षात भारतात १८२ किंवा अधिक दिवस राहिलात तर त्या वर्षी तुम्ही इथले निवासी, आणि परदेशी पगारही इथल्या विवरणपत्रात येतो. सप्टेंबरच्या मध्याला निघणं आणि ऑक्टोबरच्या मध्याला निघणं यात म्हणूनच फरक पडतो. निघण्याआधी सीएला भेटा, बँकेत एनआरओ-एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांची, खाती करून घ्या.

आणि भारतीय परवाना

बाहेर गेलेले बहुतेक जण पहिल्या दोन-तीन वर्षांत तो विसरतात. २०२३ च्या बदलानंतर सीपीएल आणि एटीपीएलची मुदत पाचावरून दहा वर्षं झाली आहे, त्यामुळे तर अधिकच. पण मेडिकलची मुदत तेवढी नसते, आणि ते संपलं की परवाना कागदावर जिवंत असून उपयोगाचा राहत नाही. गणपतीला किंवा दिवाळीला घरी येणार असाल तर डीजीसीएच्या मेडिकलची वेळ महिनाभर आधी घ्या. त्या आठवड्यांत तुमच्यासारखेच सगळे आलेले असतात. परदेशातले तास ईजीसीएवर लगोलग नोंदवत चला, तिथल्या कंपनीच्या सहीनिशी. पाच वर्षांनी परतायचं ठरलं आणि कंपनी बंद पडलेली किंवा विकली गेलेली असली, तर त्या सह्या मागायला कुठे जाणार?